दारं बंद करणारा काढा

माझ्या फेफऱ्याला आमच्या घरात नाव नव्हतं. शेजारणीसमोर ती ‘चक्कर’ असायची, रामला गावच्या मावशीसमोर ‘अशक्तपणा’, आणि कोणी स्थळ घेऊन आलं की काहीच नसायचं. पहिली फिट आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्याच आठवड्यात आईने मला धडे दिले. जळक्या केसांचा वास यायला लागला की समजायचं, ती येतेय. भिंत धरून संडासात जायचं, कडी लावायची नाही, टॉवेल दातांत धरायचा, आणि नंतर तोंड धुऊन, केस विंचरून हसत बाहेर यायचं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय,” आई म्हणायची. त्या मुठीत मी होते आणि मूठ भलती घट्ट होती.

आम्ही मराठी ज्यू, मुंबईहून आमच्या लोकांच्या नव्या देशात, डिमोना गावाला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील मृत समुद्राच्या काठी पोटॅशच्या कारखान्यात लागले आणि तिथलं मीठ अंगावर घेऊन रोज संध्याकाळी बसने घरी यायचे. भाऊ इथेच जन्मला. तो शाळेत असताना वडील गेले. त्यानंतर आई कापडाच्या कारखान्यात जायला लागली आणि वयात आल्यावर तिने मलाही तिथेच चिकटवलं. “हिला मशीनवर बसवू नका, डोळे कमजोर आहेत,” असं तिने मुकादमाला सांगितलं. माझे डोळे गरुडाचे होते. पण मी बनियनं तपासण्याच्या टेबलावर बसले आणि तिथेच माझं वय वाढत गेलं.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरखेरीज खरं फक्त एकदा सांगितलं गेलं, मुलींनाही सक्तीने नेणाऱ्या सैन्याच्या डॉक्टरला. मला सैन्यात जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून आईने तिथे सगळं साग्रसंगीत सांगितलं, वर दोन-चार फिटा पदरच्या घातल्या. देशाला खरं सांगितलं, जमातीला नाही. देश थोडाच लग्न जमवणार होता!

भाऊ हुशार होता, आणि हुशार मुलाचं आमच्यासारख्या घरात जे होतं तेच त्याचं झालं. कोंबडीची तंगडी त्याची, खिडकीजवळची खाट त्याची, आणि त्याचा अभ्यास चालू असताना रेडिओ बंद. तो लहान असताना त्याच्यासमोर मला बरेचदा फिट यायची. आई धावाधाव करायची, शेजारणीला कळेल म्हणून खिडक्या लावायची. भाऊ मात्र घाबरायचा नाही, रडायचाही नाही. उशाशी मांडी घालून बघत बसायचा. मी शुद्धीवर आले की पहिला त्याचा चेहरा दिसायचा, स्वच्छ आणि एकाग्र. मला तेव्हा ते फार गोड वाटायचं.

पुढे तो विद्यापीठात मेंदू शिकायला लागला आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करू लागला. आई सगळ्या डिमोनात सांगत सुटली, “बहिणीसाठी शिकतो हो पोर माझा.” तो स्वतः असं कधी म्हणाला नव्हता. पण मीही ते खरं धरून चालले. माणसाला काहीतरी धरायला लागतंच.

एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस त्याने मला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तो हिब्रूतच बोलायचा. आई मराठीत विचारणार, हा हिब्रूत उत्तर देणार, असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. त्याने उंदराच्या मेंदूची एक चकती दाखवली, कांद्याच्या पापुद्र्याहून थोडी जाड. ती कोमट खारट पाण्यात ठेवलेली होती आणि पाण्यातून बुडबुडे निघत होते. उंदीर सकाळीच मेला होता, पण चकती जिवंत होती. तिच्यात काचेची एक सुई टोचलेली होती आणि पडद्यावर एक रेघ संथ चालत होती.

“आता बघ,” तो म्हणाला. त्याने पाण्याची नळी बदलली. थोड्या वेळाने रेघ थरथरली, मग उसळली, मग वेड्यासारखी वरखाली नाचायला लागली. त्या चकतीला फेफरं आलं होतं. तिला हातपाय नव्हते, आई नव्हती, लग्न जमवायचं नव्हतं, तरी तिला फेफरं आलं होतं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

त्याने समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी दोन तऱ्हांनी बोलतात. एक तऱ्हा निरोपाची, एकीने रसायन सोडायचं आणि दुसरीने ते झेलायचं. दुसरी तऱ्हा दारांची. दोन पेशींच्या भिंती जिथे एकमेकींना चिकटतात तिथे बारीक दारं असतात आणि त्यांतून वीज सरळ इकडून तिकडे जाते, मध्ये कोणी निरोप्या नाही. मी म्हटलं, “आपल्या समोरच्या दोघा भावांनी मधली भिंत फोडून दोन घरं एक केली, तसं? तिकडे सासू ओरडली की दोन्ही स्वयंपाकघरं ओरडतात.” तो मनापासून हसला. “तसंच. ओरडणं म्हणजे फेफरं नाही, ताई. सगळ्यांनी एकाच तालात ओरडणं म्हणजे फेफरं. दारं जितकी जास्त उघडी, तितका ताल पक्का.”

मग त्याने पाण्यात एक औषध सोडलं. हे औषध ती दारं बंद करतं, तो म्हणाला. आम्ही वाट पाहिली. रेघेची उडी कमी झाली, दोन उड्यांमधलं अंतर वाढलं, आणि शेवटी ती पूर्वीसारखी संथ चालू लागली. त्या चकतीकडे पाहता पाहता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भावाने खरोखरच न कळून विचारलं, “तू का रडतेस?”

त्या शुक्रवारी जेवायला बसलो तेव्हा आईने त्याला विचारलं, “काय दाखवलंस रे हिला? नुसती गप्प आहे.” त्याने आनंदाने सगळं पुन्हा सांगितलं. वर हेही सांगितलं की ते औषध शूशच्या मुळापासून बनवतात. आईला शूश कळेना. “रामलाच्या बाजारात तो अरब पितळेच्या भांड्यातून काळं गोड सरबत विकतो ना, ते. तू मला खोकल्याला चघळायला द्यायचीस ती काडी.”

“अगो बाई, ज्येष्ठमध!” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. तिच्या माहेरी पेणला कोणालाही खोकला झाला की डब्यातून निघणारी ती काडी, आणि ती विद्यापीठात बसली होती! “माणसांना देतात हे औषध?”

“पूर्वी पोटातल्या व्रणासाठी देत. फिटसाठी नाही. तोंडाने घेतलं तर मेंदूपर्यंत किती पोचतं याची खात्री नाही.”

“म्हणजे पोटात गेलेलं चालतं.”

भाऊ काहीतरी सांगणार होता. त्याने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि नारळाच्या दुधातला रस्सा आणखी वाढायला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात रामलाच्या मावशीने बसवाल्याबरोबर उशीएवढी पिशवी पाठवली. आई पहाटे ती मुळं कुटायची आणि डांबरासारखा काळा रंग येईपर्यंत आटवायची. पेला भरून द्यायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. “गो बाय, घे. नाक धर आणि घे. भावाला सांगू नकोस हां, तो शिकलेला, हसेल आपल्याला.” काढा इतका गोड की जीभ टाळूला चिकटून बसायची. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्याच, काढा त्यांच्यावर. कोणी म्हणेल, बाई अडाणी म्हणून प्याली. मी अडाणी म्हणून नाही प्याले. मी ती रेघ शांत होताना माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून प्याले.

आणि त्याच सुमाराला स्थळ आलं.

तो किर्यात मलाखी गावचा, गॅरेजात काम करणारा, पहिली बायको सोडून गेलेली. माझं वय तिशीपलीकडे. त्यामुळे दोन्हीकडून कुरकुरायला जागा नव्हती. त्याला पाहिलं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या नखांतलं ग्रीस दिसलं आणि मी म्हटलं, “हात धुऊन आलात की असेच?” आईने मला चिमटा काढला. तो मात्र इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या भेटीत त्याने आल्या आल्या दोन्ही हात पुढे करून दाखवले. मला तो आवडला, साधं सांगायचं तर फार आवडला. मला तोच नवरा हवा होता आणि त्याच्या त्या तेलकट नखांसकट हवा होता.

त्याची आई वेगळी चीज होती. कुठल्या गावचे, कोण कोणाचे, कोणाला साखर, कोणाला दमा, सगळं विचारून झालं. “मुलीला काही नाही ना?” तिने शेवटी विचारलं. “काही नाही हो,” आई म्हणाली, “थोडी जिभेला तिखट, एवढंच.”

आईने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलला. ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणापर्यंत पोरीला फिट आली नाही तर त्या दिवशी घरी मलिदा करीन, जमातीला बोलवीन, आणि त्याच बैठकीत साखर वाटून लग्न पक्कं करीन. सण हिवाळ्याच्या शेवटी येतो. काढा आम्ही शरदात सुरू केला होता.

फिटा थांबल्या नाहीत. हे इथेच सांगून टाकते. जळक्या केसांचा वास पूर्वीइतकाच यायचा, किंबहुना थोडा जास्तच. फॅक्टरीतल्या संडासाची दुसरी खोली माझी ठरलेली होती, तिथली खीळ मोडलेली होती म्हणून. मी बाहेर येऊन तोंड धुवायचे आणि बनियनं तपासायला बसायचे. एकदा शनिवारी आई सिनेगॉगला गेली असताना मोठी आली. मी जमीन पुसली, परकर धुतला, वाळत घातला, आणि आई आल्यावर तिला पोळ्या करून वाढल्या. “आली नाही ना?” ती रोज विचारायची. “नाही,” मी रोज सांगायचे. तिनेच शिकवलेलं मी तिच्यावरच चालवत होते, आणि गुरूला पत्ता नव्हता. आईला आनंद होत होता, मला नवरा मिळत होता. खरं बोलून कोणाचं पोट भरणार होतं?

या सगळ्यात सगळ्यात सुंदर गोष्ट घडली ती म्हणजे भाऊ बदलला. पूर्वी तो शुक्रवारी यायचा, जेवायचा, झोपायचा, कपडे धुवायला टाकून निघून जायचा. आता तो जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसायला लागला. कशी आहेस? वास येतो का? शेवटची कधी आली होती? मी म्हणायचे, शरदातल्या सणांपासून नाही, एकही नाही. त्याचे डोळे चमकायचे. मग तो आणखी विचारायचा. डोकं दुखतं का? जिने चढताना दम लागतो का? रात्री पायांत गोळे येतात का? बारा वर्षांची असल्यापासून मी वाट बघत होते की या घरात कोणीतरी मला हे विचारावं. ‘कोणी पाहिलं नाही ना’ हे सोडून दुसरं काहीतरी विचारावं.

पाय सुजायला लागले होते. बूट बंद होत नव्हते. डोकं दिवसभर ठणकायचं आणि तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत मांड्या ओल्या कणकेसारख्या व्हायच्या. दवाखान्यातल्या नर्सने रक्तदाब मोजला, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, डॉक्टरला दाखव. आई म्हणाली, “मीठ कमी खा.” एका शुक्रवारी भावाने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. माझ्या नडगीवर अंगठा दाबला, जरा वेळ दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला होता. तो त्या खड्ड्याकडे बघत राहिला, खड्डा भरून येईपर्यंत. मग म्हणाला, “ताई, फॅक्टरीत फार उभी राहतेस वाटतं,” आणि पाय अलगद खाली ठेवला. त्याने माझ्या पायाला हात लावला म्हणून मी त्या रात्री सुखाने झोपले.

तू बिश्वातला घर भरलं. मोठ्या थाळ्यात मलिदा रचला, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर केळी, खजूर, सफरचंद आणि गुलाबाच्या पाकळ्या. पुरुष टेबलाभोवती बसले. किर्यात मलाखीची मंडळी भिंतीशी मानाच्या खुर्च्यांवर. तो नवीन शर्ट घालून आला होता आणि सारखा कॉलर सैल करत होता. भाऊही आला होता. प्रार्थना झाली, एलियाहू हन्नाबीचं गाणं झालं. आईने थाळा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “त्यांना आधी दे.”

मी पाऊल टाकलं आणि पाय नव्हतेच. म्हणजे दिसत होते, पण माझे नव्हते. थाळा गेला, पोहे सगळीकडे उडाले आणि मी त्यांच्यावर आडवी झाले.

वास आला नव्हता. अंधारी आली नव्हती. मी पूर्ण शुद्धीवर होते, फक्त मान उचलत नव्हती, हात हलत नव्हता, आणि छातीत पिशवीत धरलेल्या कोंबडीसारखं काहीतरी फडफडत होतं. मला ओरडून सांगायचं होतं की ही फिट नाही. जीभ जड झाली होती, तोंडातून नुसता आवाज निघाला. लोकांना तेवढं पुरे होतं.

“कांदा आणा, कांदा!” कोणीतरी ओरडलं. “चप्पल धरा नाकाशी!” एक म्हातारा वाकला आणि त्याने आपला बूट माझ्या नाकाला लावला. इतकी वर्षं मला फिटा आल्या, पण बाकीचे तेव्हा काय करतात हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मी तिथे नसायचे. त्या दिवशी प्रथमच पाहिलं. बायका पोरांना मागे ओढत होत्या, जणू मी चावेन. आई “चक्कर आहे, चक्कर!” असं हसत हसत सगळ्यांना सांगत होती. मग ती माझ्यावर वाकली, माझ्या गालावर फाडकन मारलं आणि दातांमधून कुजबुजली, “ऊठ, मेले. आजच?” तिला वाटलं, मला ऐकू येत नाही.

“हिला तर आकडी येते!” किर्यात मलाखीची बाई म्हणाली. कित्येक वर्षांच्या शेकडो खऱ्या फिटा मी लपवल्या, आणि जी फिट नव्हती तिने मला उघडं पाडलं. तिचा मुलगा खाली बसून जमिनीवरचे पोहे हातांनी गोळा करत होता. काय करावं ते त्याला सुचत नसावं. त्याच्या आईने दंडाला धरून त्याला उठवलं. दारातून वळून त्याने एकदा पाहिलं, ओंजळीत पोहे तसेच होते.

मग भाऊ आला. त्याने माझं मनगट धरलं, नाडी मोजायला बोटं ठेवली आणि तो पांढराफटक पडला. बुटवाल्या म्हाताऱ्याला त्याने ढकलून दिलं. अँब्युलन्स आली तेव्हा तिच्यातल्या माणसाने अजून बॅगही उघडली नव्हती, आणि भाऊ त्याला म्हणाला, “पोटॅशियम बघा. पोटॅशियम खूप खाली असेल.”

इस्पितळात पोचेपर्यंत मी त्या वाक्याकडेच बघत पडले होते. शरीर पडलं होतं, पण डोकं चालू होतं, आणि माझं डोकं भावाच्या डोक्याइतकं नसलं तरी त्याच पोटचं आहे.

तो म्हणाला तसंच निघालं. पोटॅशियम इतकं खाली होतं की हृदय बंद पडायच्या बेतात आलं होतं. माझ्या बापाने जन्मभर मृत समुद्रातून पोटॅशच उपसलं आणि त्याच्या लेकीच्या रक्तात चिमूटभरही उरलं नव्हतं. हाताच्या शिरेतून थेंब थेंब सोडायला लागले आणि शीर निखारा ठेवल्यासारखी जळायला लागली. डॉक्टरीण रशियाहून आलेली, थकलेली बाई होती. तिने विचारलं, “तुम्ही खूप ज्येष्ठमध खाता का? शूश?” मी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीण गेल्यावर मी विचारलं, “त्याला माहीत होतं?”

“मी काय एकटीच्या मनाने दिलं?” आई उसळली. “पहिल्या दिवशीच फोन करून विचारलं त्याला. म्हटलं, देऊ का रे? म्हणाला, दे. एकदा काय, दोनदा दे. फक्त मला माहीत आहे हे तिला सांगू नकोस, म्हणाला, नाहीतर ती मला खूश करायला काहीही सांगेल. शिकलेला पोर, त्याला काय कळत नाही? तो बहिणीचं वाईट करेल?” तिला मनापासून वाटत होतं की यात सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर झाला आहे. नवस फुकट, पोहे फुकट, आणि वर पोरीची ही नजर.

मला आधी हसू आलं. ते प्रश्न सगळे आठवले. डोकं दुखतं का, गोळे येतात का, दम लागतो का. ज्येष्ठमध माणसाचं काय करतो ते त्याला ठाऊक होतं, आणि तो एकेक करून बघत होता, कुठवर आलं. नडगीवरचा तो अंगठा आठवला आणि हसू गेलं. डॉक्टरणीने पुन्हा येऊन विचारलं की हा काढा घ्यायला कोणी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, कोणी नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा रामलाहून फोन आला. किर्यात मलाखीच्या बाईने निरोप दिला होता, आजाराचं काही नाही, पण आम्हाला सांगायला हवं होतं. तिचं खरं होतं, म्हणून मला तिचा जास्त राग आला. आई मला पेज करून आणते म्हणून घरी गेली.

दुपारी भाऊ आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या सुई लावलेल्या हाताकडे बघत बसला. मला वाटलं, हा माफी मागणार. मी तयारी केली होती. आधी शिव्या घालायच्या, वडिलांचं नाव काढून रडवायचा, आणि मग माफ करायचं. मी त्याला वाढवला होता हो, त्याची ढुंगणं धुतली होती. माफ न करून जाते कुठे?

“ताई,” तो म्हणाला, आणि चक्क मराठीत म्हणाला, “एक विचारू? रागवू नको.”

“विचार.”

“काढा चालू केला तेव्हापासून कालपर्यंत. एकही नाही आली ना? छोटीपण नाही?”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोच चेहरा होता, स्वच्छ आणि एकाग्र. फक्त आता त्यात एक आशाही होती, आणि ती लपवायला तो धडपडत होता.

“दर आठवड्याला आली,” मी म्हटलं. “कधी आठवड्यात दोनदा. फॅक्टरीच्या संडासात. एकदा घरी, मोठी.”

“रागाने बोलतेस.” तो पुन्हा हिब्रूत गेला. “तू मला दर शुक्रवारी सांगत होतीस, नाही आली.”

“लग्न जमत होतं. आईला सांगितलं ते तुला सांगितलं. मला काय ठाऊक, तू मोजतोयस!”

मग मी त्याला एकेक सांगितली. हनुक्का सणाच्या मेणबत्त्यांच्या दिवशीची, पावसात बस चुकली त्या दिवशीची, परकर धुतला ती. वास किती वेळ होता, जीभ कुठे चावली गेली, सगळं. त्याला नेहमी जसं नीट, तपशिलात हवं असायचं, तसंच दिलं. तो ऐकत गेला आणि खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

“पण कमी तर झाल्या?” त्याने विचारलं. “थोड्या तरी?”

“जास्त झाल्या.”

काल मी जमिनीवर पडले आणि माझी नाडी त्याच्या बोटांखाली अडखळत होती, तेव्हा तो पांढरा पडला होता, पण ते स्वतःच्या भीतीने. आता वेगळंच झालं. त्याचे खांदे पडले आणि भरल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. वडील गेले तेव्हा तो असा रडला नव्हता. मी उशीवर डोकं टेकून त्याच्याकडे बघत राहिले, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात आई पेजेचा डबा घेऊन आली. दारातच थबकली. त्याला रडताना पाहिलं. डबा टेबलावर ठेवून तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

“बघ,” ती मला म्हणाली. “नाही नाही ते मनात आणत होतीस ना? बघ, किती जीव आहे त्याचा तुझ्यावर.”

“हो, आई,” मी म्हटलं. “दिसतंय ना मला.”